साखर उतरेपर्यंत थांबायचे का? मधुमेह आणि खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया



१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरली आणि नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतली कितीतरी मराठी कुटुंबे सामान बांधून इकडे आली. कोणी तात्या टोपे नगरच्या क्वार्टरमध्ये राहिले, कोणी पुढे भेलच्या नोकरीमुळे पिपलानी-गोविंदपुऱ्यात. ग्वाल्हेर-इंदूरहून आलेले वेगळेच. त्या क्वार्टरांच्या अंगणात खेळलेली मुले आज सत्तरीत आहेत आणि त्यांचे आईवडील, जे आपल्या भाग्याने अजून सोबत आहेत, ते नव्वदीच्या घरात. गणेशोत्सवात पहिल्या रांगेतल्या खुर्च्या ज्यांच्यासाठी राखून ठेवतो, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना मधुमेह आहे. आणि दर वर्षी त्यांतले कोणी ना कोणी घरात पाय घसरून पडते आणि खुब्याचे हाड मोडते.

आम्ही डॉक्टर नाही. घरातल्या ज्येष्ठांची अशी आजारपणे काढलेली आणि त्या निमित्ताने डॉक्टरांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून काही गोष्टी समजून घेतलेली आम्ही मंडळी आहोत. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. पण काही निर्णय घरच्यांच्या होकारावर अडतात, आणि ते अपुऱ्या माहितीवर घेतले जातात. त्यासाठी हा लेख.

ओळखीचे चित्र

पहाटे आजी बाथरूमला जायला उठतात आणि पडतात. पाय आखूड झाल्यासारखा दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असते, उठता येत नाही. १०८ ची गाडी येते. एक्स-रे होतो, हाड मोडल्याचे कळते, रक्त तपासले जाते आणि साखर निघते २८० किंवा ३१०. मुलगा बंगळूरमध्ये, मुलगी पुण्यात; फोनवर चर्चा सुरू होते. कोणी म्हणते, "एवढ्या शुगरवर ऑपरेशन नको, जखम भरणार नाही. आधी शुगर नॉर्मल होऊ दे." कोणी म्हणते, "या वयात कशाला? पायाला वजन लावून ठेवा." हेतू सगळ्यांचा चांगला असतो. पण या दोन वाक्यांनीच माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो.

मोडते काय आणि शस्त्रक्रिया का लागते

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कमरेच्या खोबणीत फिरते. चेंडूखालची बारीक जागा म्हणजे हाडाची मान. वृद्धांमध्ये मोडते ते बहुधा ही मान किंवा तिच्या जरा खालचा जाड भाग. मान मोडून हाड सरकले तर चेंडूचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि हाड जुळण्याची खात्री राहत नाही. म्हणून बहुतेक वेळा चेंडू बदलतात, कधी पूर्ण सांधा बदलतात. खालचा भाग मोडला तर हाडाच्या आत सळई किंवा बाहेरून पट्टी-स्क्रू बसवतात. आपण बोलताना त्याला 'रॉड टाकला' म्हणतो.

शस्त्रक्रिया फक्त हाड जुळावे म्हणून नसते. माणसाला दुखण्याशिवाय कूस बदलता यावी, बसता यावे, दुसऱ्या दिवशी उभे राहता यावे, हा तिचा पहिला हेतू. अंथरुणावर पडून राहिलेल्या वृद्धाला न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीवर आणि टाचांवर जखमा होतात, स्नायू झपाट्याने गळतात. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांतला एक किंवा त्याहून अधिक जण वर्षभरात जातात, असे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. त्यांतले बरेच मृत्यू मोडलेल्या हाडाने होत नाहीत. अंथरूण, संसर्ग आणि जुने आजार मिळून ते ओढवतात. मधुमेह असेल तर या तिन्हींना बळ मिळते.

मधुमेहात हाड का मोडते

एक कोडे आधी सोडवू. टाइप २ मधुमेह असलेल्या पुष्कळ जणांची हाडांची घनता तपासली तर ती ठीक, कधी कधी वयाच्या मानाने चांगलीच निघते. तरीही त्यांचे खुब्याचे हाड इतरांपेक्षा अधिक वेळा मोडते. कारण घनता म्हणजे हाडात खनिज किती आहे याचे माप. हाडाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे. रक्तातली जास्तीची साखर वर्षानुवर्षे या धाग्यांना चिकटते आणि ते ठिसूळ होतात. वेताची छडी वाकते, वाळलेली काटकी मोडते, फरक असाच. तेव्हा 'रिपोर्ट चांगला आहे' म्हणून मधुमेही माणसाने निर्धास्त राहू नये.

शिवाय मधुमेही माणूस पडतोही जास्त. पायांच्या नसा बधिर झाल्याने जमीन नीट कळत नाही. डोळ्यांचा पडदा किंवा मोतीबिंदू दगा देतो. रात्री लघवीला दोन-तीनदा उठावे लागते. उठताच रक्तदाब खाली जातो. पहाटे साखर कमी झाली तर चक्कर येते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. त्यात माणूस शाकाहारी असला तर नसांचा बधिरपणा आणखी वाढतो. तो साखरेमुळे आहे की ब-१२ मुळे, हे साध्या रक्ततपासणीवरून समजायला मदत होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेली एक गोष्ट इथे आठवते. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. दोघांची उंची-वजनाची पट्टी एकच, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असूनही आपल्याकडच्या माणसांत चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. शस्त्रक्रियेनंतर उभे राहायचे ते स्नायूंच्या जोरावर. ती शिल्लक आपल्या आजी-आजोबांकडे मुळातच थोडी असते. म्हणून अंथरुणावर गेलेला प्रत्येक दिवस त्यांना महाग पडतो.

'आधी शुगर नॉर्मल होऊ दे'

आता मुख्य प्रश्न. दवाखान्यात पोहोचल्यावर साखर इतकी का चढते? पडण्याचा धक्का, वेदना, भीती आणि मोडलेले हाड यांमुळे शरीर अॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके सोडते. ती यकृताला साखर बाहेर टाकायला लावतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. म्हणजे त्या दिवशीची साखर बरीचशी हाड मोडल्यामुळे चढलेली असते. हाड तसेच ठेवून साखर आपोआप उतरण्याची वाट पाहणे म्हणजे नळ चालू ठेवून बादली रिकामी करत बसण्यासारखे आहे.

शिवाय साखर आणण्यासाठी दिवस लागत नाहीत. शिरेतून इन्सुलिन आणि सलाइन देऊन डॉक्टर ती काही तासांत शस्त्रक्रियेला चालेल इतपत खाली आणतात. त्यासाठी ती ९० किंवा १०० असावी लागत नाही. शस्त्रक्रियेच्या सुमारास साधारण १०० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास ती राखण्याचा प्रयत्न असतो. एचबीए१सी म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांचा सरासरी हिशेब. तो नऊ आला तरी आज बदलता येणार नाही. त्याचा उपयोग पुढचे उपचार ठरवायला. ठरवून केलेल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत 'तीन महिने साखर आणा, मग या' असे सांगता येते. मोडलेल्या खुब्याला ती सवलत नाही.

शक्य असेल तर २४ ते ४८ तासांत शस्त्रक्रिया व्हावी, असा आज सर्वसाधारण दंडक आहे. २०२० साली 'लॅन्सेट'मध्येच एक मोठा अभ्यास आला. १७ देशांतल्या ६९ रुग्णालयांत, भारतासह, २९७० रुग्णांवर तो झाला. निदानानंतर सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया केलेले आणि सुमारे चोवीस तासांनी केलेले अशी तुलना होती. मृत्यूंच्या प्रमाणात फरक दिसला नाही. पण लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत भ्रम कमी झाला, लघवीचा संसर्ग कमी झाला आणि माणसे लवकर उभी राहिली. अर्थ असा की मध्यरात्री दवाखान्यात आरडाओरडा करण्याची गरज नाही, पण 'बघू सोमवारी' हेही नको.

थांबण्याची खरी कारणेही असतात. साखर फारच चढून शरीर कोरडे पडले असेल, रक्तात कीटोन आम्ल साठले असेल, छातीत न्यूमोनिया किंवा हृदयाचा ताजा झटका असेल, रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील, तर डॉक्टर आधी ते सावरतात. घरच्यांनी तेव्हा एकच प्रश्न विचारावा: "थांबण्याचे कारण कोणते आणि ते किती तासांत दूर होईल?" उत्तर तासांत मिळाले तर निश्चिंत राहा. ते दिवसांत मिळू लागले तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्या. आपल्या शहरात एम्स आणि गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे हमीदिया रुग्णालय आहे. भेलच्या कुटुंबांना कस्तुरबा रुग्णालय आहे. सल्ला घेण्यासाठी नागपूर-मुंबई गाठावी लागत नाही.

भूलतज्ज्ञांना न विसरता सांगायचे

घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी जशीच्या तशी दवाखान्यात न्या. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येणारी गोळी (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) चालू असेल तर ते स्वतःहून सांगा आणि शेवटची गोळी कधी घेतली तेही सांगा. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी ही गोळी तीन-चार दिवस बंद ठेवतात, कारण उपाशीपोटी तिच्यामुळे कीटोन आम्ल साठू शकते आणि त्या वेळी साखर मात्र फारशी चढलेली दिसत नाही. तातडीच्या शस्त्रक्रियेत तेवढे दिवस मिळत नाहीत, पण माहीत असले तर डॉक्टर कीटोनवर लक्ष ठेवतात. ही गोळी अनेकदा दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या गोळीत दडलेली असते. पाकिटावरचे बारीक अक्षर वाचा. वजन आणि साखर कमी करणारे आठवड्याचे इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा; त्याने पोट उशिरा रिकामे होते.

आपल्या भोपाळपुरती आणखी एक गोष्ट. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री जे शहराच्या जुन्या भागात होते, त्यांपैकी काहींची फुप्फुसे आजही अशक्त आहेत. घरात हे बोलायची सवय राहिलेली नसते. भूलतज्ज्ञांना ते सांगायलाच हवे.

शस्त्रक्रियेची वेळ पुढे ढकलली गेली तर उपाशी ठेवण्याची वेळही वाढत जाते. अशा वेळी "साखर तपासली का? सलाइन सुरू आहे ना? पाणी चालेल का?" हे नर्सला नम्रपणे विचारत राहा.

शस्त्रक्रियेनंतर मधुमेह कुठे आडवा येतो

पहिली जागा जखमेची. साखर बराच काळ १८० च्या वर राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. मधुमेहात डॉक्टर कधी जास्त दिवस ठेवतात. जखम लाल होणे, गरम लागणे, काही दिवसांनंतरही पाझरणे, ताप येणे या खुणा सगळ्यांना माहीत असतात. पण एक खूण कमी लोकांना माहीत असते: खाणे-औषध तेच असताना साखर अचानक चढू लागली, तर कुठेतरी संसर्ग सुरू झाला असावा. अशा वेळी नुसता इन्सुलिनचा डोस वाढवून गप्प बसू नका. जखम, लघवी आणि छाती तपासून घ्या. लघवीची नळी गरज संपताच काढावी, यासाठी रोज विचारा.

दुसरी जागा टाचेची. नसा बधिर असल्या की टाच गादीवर घासून फोड आला तरी दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा. दिवसातून दोनदा मोबाइलने टाचेचा फोटो काढून पाहा.

तिसरी जागा हृदय आणि मूत्रपिंड. मधुमेहात हृदयाचा झटका कधी कधी छातीत न दुखता येतो. अचानक धाप लागणे, घाम, मळमळ, कमालीचा थकवा याला 'अशक्तपणा' म्हणून सोडू नका. आणि औषधाच्या दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी मधुमेहाने आधीच दमलेल्या मूत्रपिंडांना इजा करू शकते. दुखणे दाबून सहन करणेही नको, कारण दुखत असले की माणूस उठत नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी व्यायामाच्या आधी, वेळेवर द्यावी.

चौथी जागा मेंदूची. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस, विशेषतः संध्याकाळी, वृद्ध माणूस भलतेच बोलू लागतो, नळ्या ओढतो, घरच्यांना ओळखत नाही. हा वेडेपणा नव्हे आणि बहुधा तो ओसरतो. पण साखर खाली गेली तरी हेच दिसते, म्हणून अशा वेळी पहिली कृती साखर तपासण्याची. चष्मा, कानाचे यंत्र, कवळी जवळ असू द्या, दिवसा खिडकी उघडी ठेवा. आणि आपल्या माणसाशी मराठीत बोला. साठ वर्षे भोपाळमध्ये सराईत हिंदी बोललेल्या आजी अशा रात्री एकदम माहेरच्या वऱ्हाडीत बोलू लागल्याचे आम्ही पाहिले आहे. वॉर्डातल्या हिंदीभाषक नर्सला ती बडबड वाटते. प्रत्यक्षात आजी पाणी मागत असतात. म्हणून पहिल्या रात्री मराठी समजणारे कोणी उशाशी असावे.

घरी आल्यावर: चढलेल्यापेक्षा उतरलेल्या साखरेला भ्या

दवाखान्यात इन्सुलिन सुरू केले की "आता आयुष्यभराचे लागले" असे अनेकांना वाटते. तसे नसते. शरीरावरचा ताण ओसरला की कित्येकांचे इन्सुलिन कमी होते किंवा बंद होते. धोका नेमका इथेच असतो. दवाखान्यात ठरवलेला डोस हाड मोडल्याच्या ताणाला धरून ठरवलेला असतो. घरी आल्यावर ताण कमी होतो, भूकही कमी असते, पण डोस तोच राहतो. मग साखर ५०-६० पर्यंत कोसळते, आजोबा रात्री उठतात, चक्कर येते आणि दुसरा खुबा मोडतो.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच विचारा: साखर किती खाली गेली तर डोस कमी करायचा, जेवले नाहीत तर काय करायचे, आणि डोस ठरवायला पुन्हा कधी यायचे. पहिले दोन आठवडे जेवणाआधी, झोपताना आणि डॉक्टर सांगतील तेव्हा साखर तपासून वहीत लिहा. वयस्क, अशक्त माणसाची साखर तरुणासारखी काटेकोर असावी असा आग्रह आज डॉक्टरही धरत नाहीत; एचबीए१सी आठच्या आसपास असला तरी अनेकांना तो पुरेसा मानतात. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि मग काहीतरी खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्यांनी साखर खाली गेली असेल तर ती काही तासांनी पुन्हा जाऊ शकते. म्हणून एकदा सावरले तरी डॉक्टरांना कळवा.

ताटात काय हवे

आपल्याकडे आजाऱ्याचे खाणे म्हणजे मऊ भात, साबुदाण्याची खीर, शिरा, नारळपाणी, भेटीला आलेल्यांनी आणलेला फळांचा रस. यात साखर-पिष्टच भरलेले असते. मग साखर चढते, घाबरून जेवण कमी केले जाते आणि माणूस आणखी वाळतो. कमी करायचे ते पिष्ट. वाढवायची ती प्रथिने. हाड, जखम आणि स्नायू, तिन्ही प्रथिनांवरच भरतात.

मूत्रपिंडे ठीक असतील तर या काळात वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलोच्या आजींना सुमारे ६५ ते ८० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८, वाटीभर घट्ट उसळीत ७-८, मूठभर फुटाण्यांत ६, पोळीत सुमारे ३. नुसत्या वरणभातावर हा हिशेब पूर्ण होत नाही. सकाळी मुगाचे धिरडे आणि दही, दुपारी मटकीची उसळ आणि पोळी, चार वाजता फुटाणे नि ताक, रात्री पिठले-भाकरी आणि थोडे पनीर, झोपताना बिनसाखरेचे दूध: असे विभागून दिले की शाकाहारी घरातही सत्तरच्या आसपास पोहोचता येते. कवळी सैल झाली असेल तर फुटाण्यांचे पीठ करून ताकात द्या.

आणि उपवास. संकष्टी, एकादशी, चातुर्मास हे आपल्या ज्येष्ठांच्या जिवाभावाचे. पण गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले तर साखर कोसळते आणि साबुदाणा-बटाट्याने ती चढते. हाड भरून येईपर्यंत उपवास थांबवावा, हे सुनेने सांगण्यापेक्षा घरातल्या गुरुजींनी सांगितले तर लवकर पटते, हा आमचा अनुभव.

उठणे, बसणे, देवपूजा

बहुतेकांना शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. "किती भार द्यायचा?" हे सर्जनना स्पष्ट विचारा, बहुतेक वेळा पूर्ण भार चालतो आणि घरचेच काळजीपोटी उठू देत नाहीत. चालण्याचा दुहेरी फायदा आहे: काम करणारा स्नायू रक्तातली साखर स्वतः वापरतो.

सांधा बदलला असेल तर मांडी घालून, उकिडवे किंवा पाटावर बसणे डॉक्टर परवानगी देईपर्यंत नको. देव चौरंगावर मांडा आणि पूजेला खुर्ची द्या. कमोड उंच हवा, शेजारी भिंतीला दांडी हवी. बाथरूममध्ये पाणी साचू देऊ नका, पायपुसणे सरकणारे नको, पलंगापासून दारापर्यंत रात्री मंद दिवा हवा. पायात मागून पट्टा असलेली चप्पल हवी, कारण बधिर पायातून सपाता निसटतात.

एकदा मोडले, पुन्हा मोडू नये

रॉड बसला म्हणजे काम संपले असे नाही. दुसरा खुबा तितकाच ठिसूळ आहे. तरीही हाडांवरचे औषध सुरू न करताच पुष्कळ जण घरी येतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत झोलेड्रॉनिक अॅसिडचे वर्षातून एकदा द्यायचे इंजेक्शन सुरू केलेल्यांत नवी हाडे मोडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यूचे २८ टक्क्यांनी कमी आढळले. ते देण्याआधी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि मूत्रपिंडे तपासावी लागतात. मूत्रपिंडे फार अशक्त असतील तर ते चालत नाही, दुसरा पर्याय शोधतात. "हाडांसाठी पुढे काय?" हा प्रश्न पहिल्या फेरतपासणीतच विचारा. मधुमेहाच्या डॉक्टरांनाही हाड मोडल्याचे सांगा. पायोग्लिटाझोनसारखी गोळी चालू असेल तर ते तिचा फेरविचार करतील, कारण तिने विशेषतः स्त्रियांमध्ये हाडे मोडण्याचा धोका वाढतो.

खर्चाबद्दल एक सूचना. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत असलेल्यांना दोन्हींतून एक निवडावी लागते. कार्ड आधारवर निघते. ते पडल्यानंतर नव्हे, या आठवड्यातच काढून ठेवा.

शेवटी एक छोटे काम. आज संध्याकाळी घरातल्या ज्येष्ठांजवळ बसून एक कागद लिहा: कोणती औषधे, किती वाजता; कोणत्या औषधाची ॲलर्जी; मूत्रपिंडाचा आणि एचबीए१सीचा शेवटचा आकडा; डॉक्टरांचा नंबर; आणि रात्री दोन वाजता हाक मारली तर येईल अशा शेजारच्या माणसाचा नंबर. तो फ्रिजवर लावा. मुले बाहेरगावी असलेल्या सदस्यांनी हा शेवटचा नंबर आपल्याच मंडळातल्या कोणाचा तरी लिहावा. ज्यांचा लिहाल, त्यांना तसे सांगून ठेवा. आपण एका गावात इतकी वर्षे एकत्र राहिलो, ते अशाच रात्रींसाठी.